कंदीलवाला म्हातारा

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात नवरीची वेणी होती. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं फुलांचं दुकान आहे. त्या दिवशी लग्नतिथी इतकी दाट होती की सकाळपासून घोटभर पाणी प्यायलाही उसंत मिळाली नव्हती. फोन ज्योतीचा होता. ज्योती म्हणजे शोभाची जुनी विद्यार्थिनी, शेवटचे काही महिने तिच्याच घरी राहिलेली. म्हणाली, "मावशी, बाई गेल्या." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि वेणी पुरी केली. नवरीचा भाऊ समोर ताटकळत उभा होता, त्याच्या बहिणीचं काय चुकलं होतं? वेणी पुडीत बांधून दिली, तो गेला, आणि मग मी पाण्यानं भरलेल्या लोखंडी बादलीला अशी लाथ घातली की बादली रस्त्यावर आणि झेंडू गटारात. पायाचं नख अजून काळं आहे. राहू दे काळं.

काही दिवसांनी अमरावतीला, ती जिथं चित्रकला शिकवायची त्या शाळेत शोकसभा झाली, तिच्या गल्लीतलेही बरेच आले होते. फळ्यावर रंगीत खडूनं 'अपघाती निधन' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं. एक जण म्हणाले, बाई फार शांत होत्या. दुसरे म्हणाले, सोशीक होत्या. तिसऱ्या बाईंनी तर कमालच केली. शोभा टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहायचे चित्रांचे पत्ते वाचायची हे त्यांना कुठून तरी कळलं होतं, त्यातला 'हर्मिट' नावाचा एकांताचा पत्ता त्यांनी मोबाइलवर पाहून ठेवला होता, आणि त्या पत्त्यावरच्या डोंगरावरच्या योग्यासारखं बाईंचं आयुष्य कसं निर्मोही, जगापासून दूर होतं असं काहीबाही त्या बोलत सुटल्या. माझं डोकंच फिरलं. मी उठून म्हणाले, "शोभा शांत नव्हती. सोशीक तर तिच्या सात पिढ्यांत कोणी नसेल. आणि तिचा अपघात झाला नाही. तिला लोखंडी पाइपानं मारलं, भरदुपारी, भरवस्तीत, तुमच्यातलेच कितीतरी जण खाली उभे असताना." कोणी तरी पाण्याचा पेला पुढे केला, ताई बसा, ताई बसा म्हणू लागलं. बसते कशाला! मी पेला ढकलून निघून आले. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. वाचणाऱ्यांनी रागावू नये, पण शोभाबद्दल हळुवार लिहायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा मारणं आहे.

आमची ओळख अकोल्यातली, चित्रकला शिक्षकाच्या कोर्सची. मी माळ्याची, ती बौद्ध घरातली. तिचे वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. घरात देव नाही, नवस नाही, अंगारे-धुपारे नाहीत, भविष्य पाहणाऱ्याला तर दारात उभं करायचे नाहीत. आमच्या घरात उलट, कोनाड्या-कोनाड्यात एकेक देव बसवलेला. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा माझ्या आईनं तिला कान तुटलेल्या कपात चहा दिला. दुसऱ्यांदा आली, पुन्हा तोच कप. तिसऱ्यांदा शोभानं चहा शांतपणे प्यायला, कप ओसरीच्या दगडावर आपटून त्याच्या ठिकऱ्या केल्या आणि आईला म्हणाली, "काकू, फुटला. आता कायच्यात देता?" आई बघतच राहिली. मला वाटलं आता ही बाई शोभाला झाडूनं हाणते. पण आई आत गेली आणि आमच्या रोजच्या स्टीलच्या पेल्यात तिला आणखी चहा घेऊन आली. पुढं त्या दोघींचं इतकं जमलं की मला जळायला व्हायचं. शोभाचं हे असं होतं. तिला बोलून दाखवणं ठाऊक नव्हतं, तिला फोडून दाखवणं ठाऊक होतं. एकदा मूर्तिजापूरच्या बसमध्ये मागच्या माणसाचा हात नको तिथं आला, तेव्हा तिनं वळूनही न बघता कंपासचं टोक त्याच्या मांडीत घातलं. तो बोंबलत उतरला. ही माझ्याकडे वळून म्हणते, "तुह्या पेटीतला कंपास होता वं, धुवून घेजो."

लग्न होऊन ती अमरावतीला गेली, मी फुलांतच राहिले. तिचा नवरा दिसायला इतका गरीब माणूस की मांजर आडवं गेलं तरी तो थांबेल असं वाटावं. पण शोभा आपल्या चित्राखाली माहेरचं नाव लिहायची, एवढं त्याला पुरलं. आधी बोलून, मग चपलेनं, मग हाताशी येईल त्यानं. मी भेटायला गेले की ती पदर अंगभर घ्यायची, उन्हाळ्यातसुद्धा, आणि अमरावतीचा उन्हाळा काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. मग एके दिवशी त्यानं तिचा उजवा हात कपाटाच्या दारात धरला आणि दार लावलं. दोन बोटं कायमची वाकडी झाली. पुढं आयुष्यभर ती खडू उरलेल्या बोटांत धरायची आणि वर्गातली पोरं तिची नक्कल करायची. पण बोटं मोडल्यावर तिनं काय केलं ते ह्या शाळेतल्या शांत-सोशीकवाल्यांना माहीत नाही. तिनं डाव्या हातानं, सांडशीनं, चुलीवरचा तापलेला तवा उचलला आणि त्याच्या कानशिलावर हाणला. आपण नुसतं म्हणतो कानाखाली वाजवली. तिनं वाजवली! तो खाली बसला तशी ती उठली, पिशवी घेतली, दवाखान्यात जाऊन हात बांधून घेतला आणि परत त्या घरात पाऊल टाकलं नाही. तिचा भाऊ समजूत काढायला आला, म्हणाला, "ताई, एवढं नोको करायले पाह्यजे होतं." ती म्हणाली, "मले एवढंच जमलं."

नंतरची सगळी वर्षं ती अमरावतीच्या जुन्या भागातल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिली. एकटी. त्या एकटेपणावर गल्लीनं काय काय बोलावं… आणि बोलायला वेळ तर गल्लीकडे भरपूर. ती सकाळी शाळेत जायची, संध्याकाळी वडाळी तलावाकडे चक्कर मारायची, रविवारी कधी अकोल्याला माझ्या दुकानात येऊन बादल्यांच्या गर्दीत स्टूल टाकून बसायची. टॅरोचे पत्ते तिला पुण्याच्या भाचीनं वाढदिवसाला दिले, चित्रं आहेत म्हणून. भाऊ खवळला. "आपल्या घरात पत्ते पाहून भविष्य सांगनं? बाबा असते तं चुलीत टाकले असते." शोभा म्हणाली, "भविष्य कोन सांगून राह्यलं? चित्रं हायत हे. बाबाले चित्राचं वावडं नोयतं." आणि ते खरंच होतं. भविष्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कोणी विचारलं माझं लग्न कधी जमेल, तर ती म्हणायची, तुह्या बापाले विचार.

सगळ्या पत्त्यांत तिला वेड लावलं ते त्या हर्मिटनं. ती त्याला 'म्हातारा' म्हणायची. असाच एक रविवार होता, तिनं पत्ता माझ्या दुकानातल्या ओल्या गोणपाटावर ठेवला आणि म्हणाली, "पाह्य." मी पाहिला. पांढऱ्या दाढीचा माणूस, अंगात राखाडी झगा, पायाखाली बर्फाचं शिखर, मागं रिकामं आभाळ. एका हातात कंदील, कंदिलात दिव्याच्या जागी चांदणी. दुसऱ्या हातात उंच काठी. मान खाली. "पुस्तकात लिवलं हाय," ती म्हणाली, "एकांत. थांबा, धीर धरा, आपल्या आत पाहा. मले हे पटून नाई राह्यलं. तुहा बाप वाडीत पानी द्याले जाये तवा कंदील कसा धरे?" मी म्हटलं, खाली, पायाजवळ, सापाच्या भीतीनं. "हां! ज्याले आपली वाट पाहाची असते तो कंदील खाली धरते. ह्यानं वर धरला हाय, पुढं धरला हाय, अन् मान खाली. म्हंजे हा त्या उजेडात काहीच पाहून नाई राह्यला. हा दाखवून राह्यला हाय. खालून कोनी वर चढून येत असन तं त्याले." चित्रकलेची बाई ती, उजेड कुठून येतो आणि कोणावर पडतो, हे तिला पहिल्यांदा दिसायचं.

मला मात्र तो म्हातारा मुळीच आवडला नाही आणि मी तसं सांगितलं. म्हटलं, पळकुटा आहे तुझा म्हातारा. बायको-पोरं खाली टाकून आला असेल वर. पुरुषानं घर सोडलं की तो योगी, त्याचे फोटो छापतात. बाईनं कंदील घेऊन डोंगरावर जाऊन दाखवावं, दोन दिवसांत गाव विचारेल, कोणासाठी गेली? शोभा इतकी हसली की शेजारच्या पानवाल्यानं डोकं काढून पाहिलं. मग हसू पुसून म्हणाली, "म्हनूनच तं काठी हाय ना, कुसमे. पुस्तकवाल्यानं लिवलं, काठी म्हंजे आधार. हट्! त्यानं कधी एकटं राहून पाह्यलं नसन. जो उंचावर दिवा धरून उभा राह्यते तो सगळ्याईले दिसते. ज्याले वाट पाह्यजे त्यालेही दिसते अन् ज्याले डोकं फोडाचं हाय त्यालेही दिसते. दिवा धरला अन् काठी ठेवली, तं कुत्रे फाडतीन." मी म्हटलं, मग दिवाच कशाला धरायचा, अंधारात बसावं गुपचूप. ती बादलीतला एक निशिगंध काढून वास घेत बसली… आणि मग बसची वेळ झाली म्हणून निघाली.

हळूहळू बायका तिच्याकडे पत्ते पाहायला येऊ लागल्या. शाळेतल्या मुलींच्या आया, भाजीवाल्या, एकदोन सरकारी नोकरीतल्याही. ती त्यांना काही सांगायची नाही. वर्गात पोरांना बसवावं तसं चित्रासमोर बसवायची आणि विचारायची: उजेड कुठून येऊन राह्यला? सावली कुठी पडली? हा माणूस कोनाकडं पाहून राह्यला? बाई बोलत जायची, आणि चित्राबद्दल बोलता बोलता स्वतःच्या घराबद्दल कधी बोलायला लागली ते तिचं तिलाच कळायचं नाही. मी एकदा कोपऱ्यात बसून पाहिलं आहे. एक बाई येताना सुनेच्या तक्रारी घेऊन आली होती, आणि जाताना स्वतःच्या सासूला शिव्या देत रडत गेली. ती सासू मरून किती तरी वर्षं झालेली.

ज्योती अशीच आली. ती त्याच गल्लीतली मुलगी, शोभाच्या हाताखाली चित्रं काढलेली. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात सुपरवायझर असलेल्या मुलाला दिलेली. तिला नवरा मारायचा. कसा मारायचा ते मी लिहीत नाही, तिनं मला दाखवलं आहे, तेवढं पुरे. दोनदा ती माहेरी पळून आली आणि दोनदा बापानं तिला स्वतः गाडीवर बसवून परत नेऊन सोडलं. तिसऱ्यांदा ती बापाच्या दारावरून पुढं गेली आणि शोभाचा जिना चढली. शोभानं तिला पाणी दिलं, जेवायला घातलं आणि पत्ते पुढं केले, ओढ एक. निघाला तो म्हातारा. ज्योती घाबरली. "बाई, म्हंजे मले एकटीले राहा लागते का?" शोभा म्हणाली, "पत्ता काही सांगत नाई वं, कागद हाय तो. तू सांग. ह्याच्या मांगं कोनी हाय?" ज्योतीनं पुष्कळ वेळ पाहिलं. मांगं कोणी नाही म्हणाली. आणि मग म्हणाली, "पन खाली कोनी असन. नाई तं कंदील कावून धरला?" शोभानं मला लगेच फोन करून हे सांगितलं. इतकी वर्षं ती ज्या पत्त्याशी झगडत होती तो त्या पोरीनं एका बैठकीत वाचला. "कुसमे, आज कोनी तरी वर चढून आलं वं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. ज्योती राहिली.

आता आमच्याकडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे लेक घराची नसते, गल्लीची असते, आणि म्हणून जावईही गल्लीचा. जावई गल्लीत शिरला की पहिल्या घरापासून खुर्ची बाहेर येते, तांब्या येतो, वेलची घातलेला चहा येतो. जावयाला कोणी अरेतुरे करत नाही, जावयाला कोणी अडवत नाही, त्याच्यावर हात उचलणं तर दूरच. शोभाला हे पक्कं ठाऊक होतं. ती घरोघर फिरली. सांगितलं, तो आला तर त्याला बसवू नका, पत्ता सांगू नका, आधी मला फोन करा. सगळ्यांनी माना हलवल्या. गल्लीतले कर्ते, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी तर छातीवर हात ठेवला. "बाई, आमी काय मेलो हाओत का?"

तो दुपारी आला. गाडी लावली, हात जोडून नमस्कार केला. झालं! भाऊसाहेबांच्या घरातून लाल खुर्ची बाहेर आली. पाणी आलं. चहा आला, बशीत दोन बिस्किटं आली. त्यानं घरच्यांची चौकशी केली, उन्हाचं बोलला, आणि मग खाली मान घालून, अगदी शरमिंद्या माणसासारखं, विचारलं, ज्योती कुठी हाय? आणि भाऊसाहेबांनी बोटानं जिना दाखवला. "वरतं हाय, बाईकडं. बसा जवाईबापू, बोलावतो." भाऊसाहेब नंतर पोलिसांना म्हणाले, घरी आलेल्या जावयाशी खोटं कसं बोलावं? त्यानं चहा संपवला. कपबशी नीट खुर्चीखाली ठेवली, कोणाचा पाय लागू नये म्हणून. गाडीला कपड्यात गुंडाळून बांधलेला पाइप सोडला आणि जिना चढला. कोणीही फोन केला नाही. चहा अर्ध्यावर असताना कसं उठायचं!

पुढचं ज्योतीनं पाहिलं, दोन खोल्यांमधल्या खिडकीच्या गजांतून. शोभानं तिला आत ढकलून बाहेरून कडी घातली आणि स्वतः मधल्या दारात काठी घेऊन उभी राहिली. हो, काठी. पाठ ताठ, काठी वाकड्या बोटांत धरलेली. त्यानं बाहेरचं दार दोन लाथांत पाडलं. तो आत येताच शोभानं काठी घातली ती त्याच्या गुडघ्यावर, आणि तो वाकला तशी दुसरी खांद्यावर. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. मला हे लिहिताना बरं वाटतं आहे, आणि मी ते लपवणार नाही. पण तो तरणा, ती साठीला टेकलेली. त्यानं पाइप चालवला. हातावर, खांद्यावर, मग डोक्यावर. ती पडली, उठली, त्याच्या मनगटाला चावली, पुन्हा पडली. ज्योती आतून दार बडवत ओरडत होती, आणि खाली गल्ली उभी होती. बायका होत्या, माणसं होती, एकमेकांना म्हणत होती, "कोनी जा ना वर…" जावयावर हात कोण टाकणार! ती उठायची बंद झाली तेव्हाच तो थांबला. दम लागला होता त्याला. तो जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. आणि तेव्हा भाऊसाहेबांच्या घरातून त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आला. शोभा वर रक्तात पडली होती, तिच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायला कोणी गेलं नाही, आणि त्याला तांब्या दिला. अरे देवा, काय माणसं आहेत ही! पोलिस आले ते बाजूच्या गल्लीतल्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईनं फोन केला म्हणून.

मी निरोप मिळताच निघाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मला काही दिसलं नाही. दवाखान्यात तिचं डोकं बांधलेलं, डोळे सुजून बंद, ओठ फाटलेले. मी हाक मारली तशी ती म्हणाली, "पह्यला मीच मारला वं." तोंडात दात कमी होते, तरी हसली. मी म्हटलं, गप पड, भैताड. ती गप पडणारी थोडीच. काही दिवस ती अशी होती, कधी शुद्धीत, कधी नाही. एके सकाळी मी तिचे पाय चेपत बसले होते, तिला बोलतं ठेवायचं म्हणून विचारलं, तुझा म्हातारा काय म्हणतो? तिनं बांधलेलं डोकं माझ्याकडं वळवलं. मग म्हणाली, "मी चुकली, कुसमे. मले वाटे, तो मान खाली घालून वाट दाखवून राह्यला हाय. पन त्याचे डोये मिटेल हायत ना… तो आयकून राह्यला हाय. कोन चढून येऊन राह्यलं ते. येनारा कसा येऊन राह्यला, पाय कसा टाकून राह्यला. मी परवा पायावरूनच वयखलं, का हा ज्योतीले न्याले नाई आला, माराले आला." तिचे स्वतःचे डोळे मिटलेले होते. दारातून कोणी आलं की ती मान तिकडं वळवायची. मी शब्द बोलण्याआधी तिला मी आल्याचं कळायचं. त्यानंतर मी अकोल्याला लग्नाची ऑर्डर द्यायला आले, आणि ज्योतीचा फोन आला.

शोकसभेनंतर मी तिची खोली आवरायला म्हणून अमरावतीला गेले. ज्योती तिथंच होती. घरमालकानं नवं दार बसवलं होतं, रंग न दिलेलं. भिंतीवर मुलांची चित्रं तशीच, टेबलावर ब्रश डब्यात उभे, पत्ते रुमालात बांधलेले. आम्ही दोघी भांडी आवरत होतो, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भाऊसाहेब, ज्योतीचा बाप आणि तिचा सासरा. तिघंही शोभाच्या चटईवर बसले. ज्योतीचा नवरा तुरुंगात आहे, ज्योतीचा जबाब अजून कोर्टासमोर व्हायचा आहे, आणि ती एकटीच अशी की जिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. भाऊसाहेबांनी गळा साफ केला. "पोरी, झालं ते वाईट झालं. बाई देवमानूस होत्या. पन बाईनं आधी काठी मारली हे तं खरं ना? तू एवढंच सांग. झटापट झाली, बाई जिन्यावरून पडल्या. गेलेलं मानूस काही येत नाई. आता तुह्या कुंकवाचं पाह्य." सासरा डोळ्याला रुमाल लावून बसला होता. बाप ज्योतीकडे न पाहता म्हणाला, "जाय, पाहुन्याईले चहा ठेव."

मला वाटलं सगळं संपलं. कारण ज्योती उठली आणि खरंच आतल्या खोलीत गेली. भांड्याचा आवाज आला. भाऊसाहेबांनी बापाकडे पाहून मान हलवली, झालं म्हणून. मी तोंडावर आलेल्या शिव्या दातांत दाबून धरल्या होत्या, कारण हे माझं सांगायचं नव्हतं, तिचं होतं. ती बाहेर आली ती रिकाम्या हातानं. म्हणाली, "ह्या घरात तुमाले चहा नाई." मग ती जिन्यापाशी गेली, दार सताड उघडलं आणि कठड्याला धरून गल्लीत बोलावं तशी मोठ्यानं बोलायला लागली. "आयका! बाईनं पह्यला मारला, हे खरं हाय. दार तोडून तो आत आला, मंग मारला. त्यानं पाइप डोक्यात मारला, बाई जिन्यावरून नाई पडल्या, ह्या इथी पडल्या, अन् तुमी समदे खाली उभे होते! मी कोर्टात हेच सांगनार हाओ. ज्याले यायचं असन त्यानं आयकाले या!" खालचे दरवाजे बंद होऊ लागले. बाप तिच्या अंगावर धावून आला, हात उगारला त्यानं, आणि तिनं तो हात वरच्या वर धरला. सोडला नाही. बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तिघं उतरून गेले, जाताना सासरा म्हणाला, पाहून घेऊ.

मी तिला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता सामान बांध, माझ्यासंगं अकोल्याला चल, दुकानात राहा, वाडीत राहा, कोर्टाच्या तारखेला मी घेऊन येईन तुला. ह्या गल्लीत एकटीनं एक दिवसही काढायचा नाही. ती खाली बसून चटई गुंडाळत होती. रडत होती की नाही ते मला दिसलं नाही. म्हणाली, "नाई मावशी. उद्या पुन्हा येतीन ते, मालूम हाय. पन बाईचा जिना चढून कोनी दुसरीही येईन. कोनी तं घरी पाह्यजे."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. मग एकटीच बसनं अकोल्याला आले.